पडणे आणि उतरणे

सकाळचे अकरा वाजले होते. शेपटीवर दोन निळ्या रेघा असलेला पांढरा उंदीर माझ्यावरून खाली गेला आणि घड्याळ थांबले.

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना फिरता दांडा आहे. स्नायू सैल करणाऱ्या औषधांची परीक्षा माझ्यावर होते. अंग आखडलेल्या माणसांना देण्याआधी ते औषध उंदराला टोचतात आणि त्याला माझ्यावर चालायला लावतात. पाय ढिले पडले की तो खालच्या पट्टीवर पडतो आणि वेळ मोजणारे घड्याळ थांबते. लवकर पडला तर औषध जोरदार. नवा होतो तेव्हा मला बघायला माणसे येत. आता माझी मोटर कुरकुरते, पण काम चालू आहे.

त्या दिवशी संशोधक ताई माझ्यासमोर थबकल्या. त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना बोलावले.

"सर, हा पडला नाही. उतरला."

"तसं म्हणाला का तो तुम्हाला?"

"याला औषध दिलेलंच नाही, तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलंय. आणि उतरून हा माझ्या हाताकडे बघत बसलाय."

"हाताकडे कशाला?"

ताईंनी हात मागे घेतला. "सरावाच्या दिवसांत, पडला की सूर्यफुलाची बी देत होते मी. दमतात हो बिचारे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे खाऊसाठी उड्या मारतायत सगळे. औषधाचा जोर किती आणि तुमच्या लाडाचा किती, हे आता कसं सांगायचं?"

सांगता येणार नव्हते. सगळे आकडे रद्द झाले. नियमाप्रमाणे प्रयोगातून बाद झालेले उंदीर मारावे लागतात आणि त्यांच्या जागी तितकेच नवे आणावे लागतात. ताई मान खाली घालून म्हणाल्या, "गप्प बसले असते तर हे वाचले असते का?"

"नाही," सर म्हणाले. "प्रयोग संपला की यांना मारतातच. आणि चुकीचा डोस माणसांपर्यंत गेला असता."

मला खंत वाटते. मला फक्त फिरता येते. कोण पडले आणि कोण उतरले, हे मला कळत नाही. मित्रांनो, मुक्या जिवावर माया करा, पण तो तुमच्याकडून काय शिकतो आहे, तेही बघा. तुमच्या नजरचुकीची किंमत त्याला मोजावी लागते.

जुन्या उंदरांना मारू नये, पाळायला द्यावे, अशी विनंती ताईंनी प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला केली आहे. उत्तर अजून आलेले नाही. नवे उंदीर आज दुपारी आले.