पंधरा दिवस सावलीत

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'कुंडीतलं वऱ्हाड'. सभासद तीनशे ऐंशी, धामणगाव रेल्वेपासून अकोल्यापर्यंत पसरलेले. गच्चीवर, गॅलरीत, जिन्याखाली, जिथे सूर्य सापडेल तिथे कुंडी ठेवणे एवढा एकच छंद. ग्रुपला सात वर्षं झाली. या सात वर्षांत लोकसभेच्या दोन निवडणुका झाल्या, विधानसभेच्या दोन झाल्या, सरकारं किती झाली ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. ग्रुपवर त्यातला एक शब्द उमटला नाही. याच काळात माझ्या दहावीच्या बॅचचा ग्रुप फुटला, बायकोच्या माहेरचा फुटला, आणि आमच्या कॉलनीच्या ग्रुपचे दोन झाले. दोन्हींवर फोटो त्याच पाण्याच्या टाकीचा आहे.

श्रेय किसनरावांचं. जन्म भाजीच्या मळ्यात आणि बाजारातल्या दुकानात गेला, मग दुकान मुलाकडे दिलं आणि गच्चीवर दीडशे कुंड्या मांडल्या. ग्रुप त्यांनी काढला. मी दुसरा ॲडमिन. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा नाही, असं त्यांचं मत आहे. पण सूचना बऱ्या लिहितो म्हणून ठेवलं आहे.

नवं रोप कुंडीत लावलं की पंधरा दिवस सावलीत ठेवावं लागतं, नाहीतर मान टाकतं. किसनरावांनी हेच माणसांना लावलं. राजकारण बोलला की पंधरा दिवस सावलीत, म्हणजे ग्रुपबाहेर. सोळाव्या दिवशी सन्मानाने परत उन्हात. चर्चा नाही, अपील नाही. टबात कमळ लावणारे आमच्याकडे सहा जण आहेत. ते निवडणुकीच्या महिन्यात 'पाण्यातलं फूल' असं लिहितात. रोपाची उंची दाखवायला फोटोत हात धरला तर मूठ मिटलेली असावी. मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसू नये. बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटतं. बाहेरच्यांचे ग्रुप फुटले आहेत.

आणि यंदा आमच्या गावच्या नगर परिषदेला खुद्द किसनरावांच्या पार्बताबाई उभ्या राहिल्या. गावाचं नाव सांगत नाही, तेही राजकारण होईल. बचत गटातल्या बायांनी आग्रह केला, पार्बताबाईंनी अपक्ष अर्ज भरला. समोर एका पक्षातर्फे रश्मी. ही खुशालरावांची सून. आणि खुशालराव म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, गुलाबाच्या बाबतीत आमच्या ग्रुपवर त्यांचा शब्द शेवटचा. ते रुसून गेले असते तर मागोमाग साठ गुलाबवाले गेले असते.

पार्बताबाईंनी चिन्ह मागितलं कपबशी. ती आणखी दोघांनी मागितली होती. चिठ्ठ्या टाकल्या आणि पार्बताबाईंच्या वाट्याला आली ढोबळी मिरची.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर सूचना पडली: 'निकाल लागेपर्यंत ढोबळी मिरचीचा फोटो, उल्लेख, रेसिपी बंद.' लिहिली मी, सांगितली त्यांनी.

दुसऱ्याच दिवशी वरूडच्या धर्मेंद्रने फोटो टाकला. वाकडीतिकडी पानं आणि खाली ओळ: 'ढोबळीवर मावा पडला, काय करू?' किसनरावांनी त्याला सावलीत ठेवलं. त्याचा मला फोन आला.

"सर, मी वरूडचा माणूस. मले तुमच्या गावात मतच नाई! अन् माई मिरची तं रोगट हाय, तिचा का प्रचार होते?"

मी किसनरावांना विचारलं. ते म्हणाले, "चांगली मिरची दाखवली तं प्रचार. रोगट दाखवली तं विरोधी प्रचार. त्याले म्हना, पालकाचं विचार."

तिसऱ्या दिवशी मी गांडूळखत आणायला त्यांच्या घरी गेलो होतो. किसनराव ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. पार्बताबाई प्रचाराला निघायच्या आधी गच्चीवर पाणी घालून खाली आल्या आणि सवयीने मोबाईलवर काहीतरी करत पायरीवर बसल्या. किसनरावांच्या खिशात टुण्ण वाजलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, पाहिलं. हिरवीगार, चकचकीत ढोबळी मिरची. खाली 'यंदाची पहिली'. त्यांनी बोटाने दोनदा काहीतरी दाबलं आणि पुन्हा शेंग उचलली.

"अवो, हे का लिहून येऊन राहिलं?" पार्बताबाई म्हणाल्या. "किसनरावनं तुम्हाला काढलं?"

"काढलं नाई. सावलीत ठेवलं."

"मले?"

"मिरची टाकली न तू."

"दरसाल टाकते मी पहिली मिरची."

"दरसाल उभी नाई राहत."

पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गांडूळखताकडे पाहिलं.

"घरच्या माणसालेही?"

"तुले सोडलं तं धर्मेंद्रले कोन्या तोंडानं ठेवू? अन् खुशालराव वाटच पाहून राहिले, किसन का करते म्हनून."

त्यांनी मोबाईल पदराला पुसला, उगाच. "बरं," त्या म्हणाल्या. "पण पंधराच दिवस. सोळाव्या दिवशी विसरान तं पायजा." आणि चपला घालून प्रचाराला गेल्या.

खुशालराव खरोखरच वाट पाहत होते. पाच मिनिटांत मला त्यांचा खासगी मेसेज आला: 'बायकोले ठेवलं का?' मी लिहिलं, 'हो.' बराच वेळ 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. मग एक अंगठा आला.

ग्रुपबाहेर किसनराव नवऱ्यासारखे वागले. सकाळी सहापासून पत्रकं वाटत फिरले. एका सकाळी मी त्यांना आणि खुशालरावांना एकाच कोपऱ्यावर पाहिलं, दोघांच्या हातांत आपापल्या उमेदवारांची पत्रकं. म्हटलं, आता जुंपली. जवळ गेलो तर विषय चालू होता गुलाबाची फांदी वरून काळी पडण्याचा.

"दोन बोटं खाली कापा," खुशालराव सांगत होते, "तिरपी. अन् वरून हळद लावा."

"लावली. तरी काळी पडते."

"मंग पाणी लय होऊन राहिलं."

आणि दोघं दोन गल्ल्यांत शिरले.

मतदानाच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. प्रभागात ग्रुपची एकोणतीस घरं. लढत काट्याची होती. मी किसनरावांना म्हटलं, "ग्रुपवर नको, पण ग्रुपची यादी तर आपल्याकडे आहे. एकेकाला फोन करू का?"

"यादी कशाची हाय, सर?"

"कुंड्यांची."

"मंग कुंड्यांसाठीच वापरा." ते म्हणाले. रात्रीपासून झोप नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं. "बाई हरली तं पाच वर्षांनी पुन्हा उभी राहीन. ग्रुप मोडला तं त्याले फुटवा येत नाई. माह्या दुकानाच्या शेजाऱ्याशी मी एका निवडणुकीपायी नऊ वर्सं बोललो नोतो. त्याच्या तेरवीलेच गेलो."

मी मोबाईलमधली यादी बंद केली. मी घरी आलो.

निकालाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पार्बताबाई अकरा मतांनी निवडून आल्या.

गुलाल उडाला, बचत गटाच्या बाया नाचल्या, फटाके फुटले. मी मोबाईल उघडला. 'कुंडीतलं वऱ्हाड' वर अकोल्याच्या प्रियदर्शनीने विचारलं होतं की जास्वंदीच्या कळ्या गळतात, काय करावं. त्यावर चौदा उत्तरं. अभिनंदनाचं एकही नाही. एकोणतीस घरांतली निम्मी माणसं त्या क्षणी माझ्यासमोर रस्त्यावर गुलालाने माखलेली होती, आणि त्यांतला एक जण एका हाताने नाचत दुसऱ्या हाताने जास्वंदीबद्दल टाइप करत होता. माझ्या नोकरीच्या तेवीस वर्षांत मला कॉलेजचा जेवढा अभिमान वाटला नाही, तेवढा त्या मिनिटाला ग्रुपचा वाटला.

बाराच्या सुमाराला एक मेसेज पडला. खुशालरावांचा. अकरा मतांनी हरलेल्या सुनेच्या सासऱ्याचा. मी बाजूला होऊन वाचला.

'आज सोळावा दिवस. ॲडमिनने लक्ष द्यावे. पार्बताबाईंना उन्हात आणावे.'

किसनराव मिरवणुकीत ट्रॅक्टरवर उभे होते. विसरले होते. मी खालून ओरडून सांगितलं, तर त्यांनी गळ्यातल्या हारांतून मोबाईल शोधला, गुलालाच्या बोटांनी तो उघडेना, तेव्हा शर्टाला घासून बायकोला परत आत घेतलं. मग ट्रॅक्टरवरच, सगळ्यांसमोर, डोळे पुसले. गुलाल गेला म्हणाले.

दुपारी चारला पार्बताबाईंचा पहिला मेसेज आला. आम्ही सगळे थोडे धास्तावलो होतो, आभाराचं भाषण येतं की काय. फोटो होता. ढोबळी मिरचीचं पान, वाकडंतिकडं.

'पंधरा दिवस गडबडीत होते, पाहिलं नाही. मावा पडला. काय फवारू?'

दहा मिनिटांत त्रेचाळीस उत्तरं. पहिलं वरूडहून धर्मेंद्रचं, जो आदल्याच दिवशी उन्हात आला होता: 'मी सोळा दिवसांपूर्वी हेच विचारलं होतं काकू.' दुसरं खुशालरावांचं: 'कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी. संध्याकाळी.'

आणि त्याखाली आमच्याच प्रभागातल्या नितेशने लिहिलं: 'काकू, साबणाचं पाणी कालवायले आधी नळाले पाणी पायजे न. आमच्या गल्लीत तीन दिवसांपासून नाही.'

किसनरावांनी त्याला चाळीस सेकंदांत सावलीत ठेवलं.

संध्याकाळी गॅलरीतून पाहिलं, तर पार्बताबाई अंगावरच्या गुलालासकट नितेशच्या गल्लीकडे निघाल्या होत्या. तिथे काय झालं मला माहीत नाही. ग्रुपवर विचारायची सोय नाही.