पाळण्याच्या कठड्यावरची डबी

तपासनीसबाईंनी पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. तिथे त्यांचं काम एकच. फिरत्या पंख्यासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. बेअरिंग किंचित जरी कुरकुरलं तरी त्यांच्या कानाला ते कळायचं, आणि मग पंखा कितीही देखणा असो, त्याच्या पाठीवर लाल खडूची फुली पडायची. वरचे साहेब येऊन विनवण्या करायचे, माल अडकलाय म्हणून हातापाया पडायचे, पण एकदा पडलेली फुली कधी पुसली गेली नाही. निवृत्तीनंतरही लोक त्यांना तपासनीसबाईच म्हणत राहिले.

अशा तिखट कानांच्या बाईचा एकुलता एक मुलगा जन्मापासून बहिरा निघाला. त्याचं जे काही वाईट वाटायचं ते बाईंनी पहिल्या दोन वर्षांत वाटून घेतलं आणि मग पदर खोचून हातांची भाषा शिकायला बसल्या. मुलगा पुढे सुतार झाला. त्याच्या हातची खुर्ची कधी डुगडुगली नाही. त्याने लग्न केलं तेही बहिऱ्या मुलीशी. सून एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, आणि तिची नजर इतकी बारीक होती की भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी तिला चैन पडायचं नाही.

त्या दोघांना मुलगी झाली. तिला सगळे ठमी म्हणायचे. ठमीला मात्र खणखणीत ऐकू येत होतं.

बाई दोन महिन्यांसाठी म्हणून आपली दोन खोल्यांची जागा बंद करून मुलाकडे आल्या, त्याला आता सात महिने होत आले होते. ठमी रडली की ते घरात फक्त एकाच माणसाला कळायचं. बाई अंघोळीला गेल्या तरी दार किलकिलं ठेवायच्या. जेवताना घास चावायचा थांबून ऐकायच्या. झोपेतसुद्धा त्यांचा एक कान पाळण्यापाशी बसलेला असायचा. अंग आंबून जायचं, पण त्या थकव्यात एक सुखही होतं. या घराचे कान आपण आहोत, आपल्यावाचून यांचं पान हलणार नाही, असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंही होतं.

मग एका शनिवारी मुलगा दोन मोठे खोके घेऊन घरी आला.

"पंधरा दिवस वापरायचं," त्याने हातांनी सांगितलं. "नाही पटलं तर दुकानदार परत घेणार आहे. हिला पुढच्या महिन्यात कामावर जायचंय. तोवर ठरवू."

खोक्यांतून काय काय निघालं. घंटी वाजली की घरभर निळा उजेड पाडणारे दिवे. मोबाईलने उघडणारं कुलूप. आपोआप सरकणारे पडदे. जमिनीवरून फिरत केर काढणारं एक चपटं यंत्र. त्यावर फुकट म्हणून दिलेला एक बोलका डबा, ज्याच्याशी या घरात फक्त बाईच बोलू शकत होत्या. आणि सगळ्यांत शेवटी, हाताच्या मुठीत मावेल अशी एक पांढरी डबी. ती पाळण्याच्या कठड्याला चिकटवायची. मूल रडलं की सगळ्या खोल्यांतले दिवे नारिंगी लुकलुकणार आणि आईबापांच्या मनगटावरचे पट्टे थरथरणार.

बाईंनी ती डबी उलटीपालटी करून पाहिली. "हिची तपासणी कोणी केलीय?"

"तुम्ही करा ना," सून म्हणाली. हातांच्या भाषेत अहोजाहो काही वेगळं नसतं, पण सासूशी बोलताना सुनेचे हात छातीजवळ राहायचे आणि सावकाश चालायचे. नवऱ्याशी बोलताना तेच हात पिसाळल्यासारखे उडायचे. "एवढी वर्षं केलंत. तुम्ही पास म्हणाल ते ठेवू, नापास म्हणाल ते परत."

बाईंना हे मनापासून आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली, तिच्यावर रेघा मारल्या आणि कामाला लागल्या.

केर काढणारं यंत्र तिसऱ्याच दिवशी निकालात निघालं. त्याला सोडायचं म्हणजे आधी खेळणी उचला, चपला उचला, सतरंजीचं टोक दुमडा, आणि एवढं करूनही ते कोचाखाली जाऊन अडकायचं आणि मदतीसाठी कण्हत बसायचं. बाईंनी लिहिलं, "याच्यासाठी आधी घर आवरावं लागतं. आवरणाऱ्याच्या हातात झाडू दिला तर तो त्याच वेळात काम संपवतो. नापास." पडदे छान सरकायचे, पण पडदा सरकवायचा कंटाळा या घरात कोणालाच नव्हता. तेही नापास. मोबाईलचं कुलूप आठवडाभर गुणी बाळासारखं वागलं आणि एका संध्याकाळी मुलाच्या मोबाईलची बॅटरी संपल्यावर त्यालाच बाहेर उभं करून बसलं. त्याने घंटी दाबली, घरभर निळा उजेड पडला, आणि भाजी चिरणारी सून सुरी ठेवून दार उघडायला गेली. बाई मुद्दामच जागच्या हलल्या नाहीत. कुलूप नापास, घंटीचे दिवे पास. "लग्नाला पाच वर्षं झाली," मुलगा आत येत म्हणाला, "आजवर मी दाराखालून कागद सरकवून हिला बोलवायचो."

बोलक्या डब्याला बाईंनी हवामान विचारलं, एकदा सासूसुनेच्या भांडणावरचा उपायही विचारला, आणि त्याने दिलेल्या उत्तरावर इतक्या हसल्या की ठमीही हसली. पण करमणूक म्हणजे सोय नव्हे, असं म्हणून त्यांनी त्यालाही खोक्यात घातलं.

राहिली डबी.

डबीने बाईंना घाम फोडला, कारण तिच्यात खोट सापडेना. ठमी नुसती कुंकूं करायची तेव्हा डबी गप्प बसायची. ठमीने खरा सूर लावला की दोन श्वासांच्या आत दिवे लुकलुकायचे. बाईंनी खोकून पाहिलं, ताटं आपटून पाहिली, रेडिओ मोठ्याने लावला. डबी फसली नाही. पाचव्या दिवशी दुपारी ठमी रडली, बाई खुर्चीतून उठेपर्यंत सून तिला उचलून घेऊन उभीही होती. सुनेच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं, जे बाईंनी सात महिन्यांत पाहिलं नव्हतं. आजवर तिला दर वेळी सासूने येऊन दंडाला हात लावायचा, मग ती जायची. आज तिचं मूल रडलं आणि ते तिला तिचं तिलाच कळलं होतं.

बाई परत खुर्चीत बसल्या. हातात वही होती, पण लिहायला काही सुचेना. आता आपण इथे कशासाठी, हा प्रश्न मनात आला तो काही केल्या जाईना.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. ज्याने माल तपासायचा त्याने मालाला हात लावायचा नाही, हा कारखान्यातला पहिला नियम. बाईंनी दुपारी डबी कठड्यावरून सोडवली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीजवळच्या फळीवर, दोन वाट्यांच्या मागे चिकटवली. मग चहाची किटली चढवली. किटलीने बाळाच्या किंचाळण्यासारखी बारीक शिट्टी दिली आणि घरभर नारिंगी दिवे नाचू लागले. सून हातातलं काम टाकून धावत आली. ठमी गाढ झोपली होती.

असं तीन दिवसांत अकरा वेळा झालं. बाईंनी अकराच्या अकरा नोंदी केल्या. मुलाने त्या वाचल्या आणि मान हलवली. "मग कशाला ठेवायची? उद्या परत देतो सगळं."

तो अंघोळीला गेल्यावर सून पाळण्यापाशी गेली आणि वाकून कठड्याकडे पाहत राहिली. तिथे चिकटपट्टीचा चौकोनी डाग होता. मग तिला फळीवरच्या जागा बदललेल्या दोन वाट्या दिसल्या. तिने त्या बाजूला केल्या, डबी काढली आणि पुन्हा त्या डागावर नेमकी बसवली. बाई हे सगळं दारातून बघत होत्या. दोघींची नजरानजर झाली.

"अजून तीन दिवस आहेत," सून सावकाश हातांनी म्हणाली. "राहू दे तोवर."

तिने नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तिने ओरडून भांडण काढलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. आता त्या दिवसभर चोरासारख्या वावरल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला होता. सून मोरीत कपडे धूत होती. बाई पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, सात महिने बसत होत्या तशाच. जाग आली ती चेहऱ्यावर उजेड लुकलुकल्यामुळे. डोळे उघडले तर सून पाळण्यात वाकलेली होती, कोपरापर्यंत साबणाचा फेस, आणि ठमी लालबुंद होऊन किंचाळत होती. तिचा पाय कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये गुडघ्यापर्यंत अडकला होता. सुनेने फेसाळ हातांनीच तो हलकेच फिरवून सोडवला. पायावर एक वळ उठला होता, बाकी काही नाही.

ठमी त्यांच्यापासून दीड हातावर होती. तिचं किंचाळणं शेजारपाजारीही ऐकू गेलं असेल. बाईंना ते ऐकू आलं नव्हतं. कान ठणठणीत होते, पण सात महिन्यांची झोप एकदम अंगावर आली होती आणि त्या मेल्यासारख्या झोपल्या होत्या.

संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर बाईंनी दोघांना समोर बसवलं. वही उघडली आणि त्या अकरा नोंदींवर एकेक करून काट मारली.

"या खोट्या आहेत," त्या हातांनी म्हणाल्या. "डबी मी हलवली होती. किटलीजवळ नेऊन ठेवली होती."

मुलाला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचा चेहरा पडला. "का पण, आई?"

"ती पास झाली असती तर मी नापास झाले असते." बाईंनी वही मिटली. "आणि आज दुपारी झालेच. मी झोपले होते. डबी जागी होती."

मुलगा बायकोकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"डाग दिसला," सून म्हणाली. मग ती सासूकडे वळली, आणि या वेळी तिचे हात छातीजवळ राहिले नाहीत, नवऱ्याशी बोलताना उडायचे तसे उडाले. "आई, तुम्ही या घरात आल्यापासून बोलणं बंद केलंत. ठमी शेजारणीकडे गेली की ती बाई सारखी तोंड हलवत असते आणि ही तिच्या ओठांकडे टक लावून बघते. आपल्या घरात तिच्याशी कोण बोलतं? आम्ही हातांनी बोलू. तोंडाने कोण बोलणार? तुम्ही दिवसभर नुसत्या ऐकत बसता. ऐकायला आता डबी आहे."

हे खरं होतं. रडण्याचा बारीकसा सूरही निसटू नये म्हणून त्या बोलायच्याच बंद झाल्या होत्या. एरवी कारखान्यात त्यांच्या बडबडीला बेअरिंगसुद्धा भितात, अशी त्यांची थट्टा व्हायची.

"आणि आठवड्यातून चार दिवस आपल्या घरी जा," सून पुढे म्हणाली. "झोपा. तुमच्या डोळ्यांखाली बघा काय झालंय. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, मला डोळे कळतात."

मुलाला हसू आलं, आणि मग बाईंनाही.

खोके परत गेले. दिवे आणि डबी राहिली. मुलाने पाळण्याच्या दांड्या काढून त्या जवळजवळ बसवल्या. ते काम कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातलं नव्हतं. सून ठरल्या दिवशी कामावर रुजू झाली, आणि मुलाने आपले दिवस असे लावून घेतले की घरी दोघांपैकी एक कोणीतरी असायचंच. बाई आपल्या दोन खोल्यांत परतल्या, पहिले दोन दिवस झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी जुन्या मैत्रिणीबरोबर तळ्याकाठी फिरायला गेल्या. ठमी आता रडत असेल का, हा विचार वाटेत एकदाच आला. रडत असली तर तिच्या बापाचं मनगट थरथरत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि मैत्रिणीची अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे ऐकली.

दर सोमवारी सकाळी त्या यायच्या आणि तीन दिवस राहायच्या. आल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. ठमीला मांडीवर घेऊन त्या बसमधल्या भांडणापासून बाजारातल्या वांग्यांपर्यंत सगळं सांगायच्या, बेसूर गाणी म्हणायच्या. ठमी रडलीच तर त्यांच्याआधी कोणीतरी धावत यायचं आणि त्या निवांतपणे मांडी मोकळी करून द्यायच्या.

दहाव्या महिन्यातल्या एका सोमवारी सून ठमीला बाईंच्या मांडीवर ठेवून दूध आणायला वळली. ठमीने आईकडे बघून मूठ दोनदा उघडली, मिटली. हातांच्या भाषेत ते दूध. सून जागच्या जागी थबकली. लगेच ठमीने मान वर करून आजीकडे पाहिलं आणि तोंडाने म्हणाली, "दूदू." कोणाशी कशाने बोलायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सुनेने ठमी काय म्हणाली म्हणून बाईंना खुणेने विचारलं, बाईंनी सांगितलं, आणि मग सून आत जाऊन नेहमीपेक्षा जरा मोठा पेला भरून घेऊन आली.