डोळे उघडून परत लिहा

आमच्या औषधपुरवठा कंपनीचा सगळा कारभार आम्ही तिघींनी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो. तो ज्या संगणकभाषेत लिहिलाय ती खुली, फुकटची; कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. हेच खरेदीप्रमुखाला खुपत होतं. त्यानं एक बडी सॉफ्टवेअर कंपनी गाठली. त्यांचा माल आला की आमचा विभाग बंद, आणि आम्ही तिघी घरी.

"फुकटच्या भाषेला वाली नसतो," त्यांचा विक्रेता मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांना सांगत होता. "बंद पडली तर कुणाला धरणार? आमच्या मालात असलं हौशी काम सापडायचं नाही."

हौशी म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यातल्या बारकीनं टेबलाखाली माझा हात दाबला म्हणून गप्प बसले.

खरेदीप्रमुख भलताच खुशीत होता. "साहेब, तुम्हीच यांच्या प्रोग्रामवर एक ऑर्डर टाकून बघा ना."

साहेबांची एक जुनी खोड आहे. तारखेत ते आधी महिना लिहितात, मग दिवस. आमचा प्रोग्राम त्यांना त्यावरून सारखा टोकतो. एकदा केबिनमध्ये बोलावून मला म्हणालेही होते, "बाई, तुमचं मशीन अगदी आमच्या हिच्यासारखं बोलतं."

आता विक्रेत्याच्या लॅपटॉपवरही त्यांनी तेच केलं. भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'तारीख उलटी झाली. डोळे उघडून परत लिहा.'

वाक्य माझं होतं, वैतागाच्या भरात लिहिलेलं. तारखा तपासायचा तो भाग आम्ही सगळ्यांसाठी खुला केला होता, आणि या पठ्ठ्यांनी तो जसाच्या तसा उचलला होता. वाक्यसुद्धा बदललं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, हे तुमचंच ना?"

"माझंच. उचलायला बंदी नाही, साहेब. फक्त यांना विचारा, आतली भाषा कुठली."

विक्रेत्यानं टाय सैल केला. "आतून... तीच आहे. सगळेच वापरतात."

"मग हौशी काम सापडलं म्हणायचं," बारकी म्हणाली.

साहेब पोट धरून हसले. खरेदीप्रमुख उगाच कागद चाळत बसला. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं.

"बंद पडलं तर कुणाला धरायचं, हेच ना?" साहेबांनी विक्रेत्याचा लॅपटॉप मिटून त्याच्याकडे सरकवला. "या बाई काय, समोर बसल्यात. तुम्हीसुद्धा यांनाच धरा."