खेळातल्या रानाची खातेफोड

रखमाजींच्या घरात रानं दोन. एक ओढ्याकाठचं, हळद-सोयाबीनचं. दुसरं थोरल्या सुनेच्या, सत्यशीलाच्या फोनमधलं.

हे दुसरं रान खेळातलं होतं खरं, पण फुकटातलं नव्हतं. मागच्या साली तिच्या पोटातलं लेकरू गेलं. डॉक्टरीणबाईंनी पाठ टेकून पडून राहायला सांगितलं, तेव्हा ब्लाउज शिवून गाठीला ठेवलेल्या पैशातून तिनं फोनवरच्या दुकानातून तो खेळ विकत घेतला. त्यात बांध घालायचे, पेरायचं, विहीर पाडायची, गुरं सांभाळायची. गाय व्याली तेव्हा कालवडीचं नाव तिनं चंद्री ठेवलं. मुलगी झाली तर चंद्रकला म्हणायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बिछान्यातून उठल्यावर रोजचा क्रमच पडून गेला. आंघोळ, तुळशीला पाणी, हातात माळ, मग चंद्रीला चारा, आणि त्यानंतर चहा.

यंदाच्या वैशाखात धाकटी जाऊ आली, निलम. हिंगोलीला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. येताना आपला लॅपटॉप घेऊन आली.

"ताई, काहून एवढ्याशा काचेवर डोळे फोडून राहिल्या?" निलम म्हणाली. "माझ्या लॅपटॉपवर खेळांचं दुसरं दुकान हाय. दोन्ही दुकानांची खाती जोडली की तुमचा खेळ इकडंबी चालतो. पुन्हा विकत घ्यायची गरज न्हाई."

सत्यशीला व्हय म्हणाली. जोडताना दुकानानं विचारलं, मुख्य खातं कोणतं? सत्यशीलाला आपल्या खात्याचा पासवर्ड आठवेना. निलमनं स्वतःचं खातं दाबलं आणि दोघी चहा प्यायला उठल्या.

तिथंच सगळं फिरलं. खेळातल्या रानाच्या फाटकावर पाटी होती, तिच्यावर आता 'निलमचं रान' असं आलं. मोठ्या पडद्यावर पिवळीधमक फुलं डोलायला लागली. सासूबाई, अनुसयाबाई, दुपारी मुद्दाम निलमच्या खोलीत जाऊन बसायच्या.

"माय, निलमचं रान कसं बहरलंय बघा. हाताला बरकत हाय पोरीच्या."

सत्यशीला चुलीपुढं भाकर थापत ऐकायची. त्या रानातला एकेक बांध तिनं पडल्या पडल्या घातलेला. भाकर करपली की सासूबाई म्हणायच्या, "ध्यान कुठं हाय गं तुझं?" निलम मात्र सासूला कधी म्हणाली नाही, की मामी, हे रान ताईंचं हाय. गालात हसायची आणि गप्प राहायची. ते हसू सत्यशीलाला कुसळासारखं रुतायचं. सोमवारी उपवास असे. पण उपवास पोटाचा. मनानं ती दिवसभर निलमलाच चावत असे.

एकदा न राहवून ती सासऱ्यांपुढं बोलली. रखमाजी सुपारी कातरत होते. हसून म्हणाले, "मग खातेफोड करा की. भावाभावांची तलाठ्याकडं होते तशी. ज्याचं त्याच्या नावावर, अन् तंटा बंद."

त्यांनी गंमत केली. हिनं ती खरी धरली.

निलम क्लासला गेलेली पाहून तिनं फोन उघडला. दोन दुकानांचं नातं दाखवणाऱ्या पानावर लिहिलं होतं, 'खाती वेगळी करा'. खाली इंग्रजीत मुंगीएवढी अक्षरं होती. ती तिनं बोटानं वर सारली. खातेफोडीत काय होतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ज्यानं पेरलं त्याचं पीक त्याच्याकडं येतं. तिनं देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

खेळ उघडला. पुढं उघडं पडीक रान. विहीर नाही, गोठा नाही. 'नव्या रानाला नाव द्या' एवढंच.

संध्याकाळी निलमच्या लॅपटॉपवर आलं, 'हा खेळ आपल्या खात्यावर नाही.' ते वाचून सत्यशीलाला आधी बरं वाटलं. आपलं गेलं, पण तिचंही गेलं. तेवढ्यापुरता तिच्या काळजाला गारवा मिळाला.

निलमनं दुकानाला लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते तिनं ओसरीत सगळ्यांना समजावून सांगितलं. "खेळायचा हक्क ताईंनी घेतलेला, तो ताईंपाशी राहिला. पण केलेलं रान मुख्य खात्यात साठलं व्हतं, ते माझ्यापाशी. अन् एकदा तोडलेली खाती वर्षभर जोडता येत न्हाईत."

"म्हंजे थोरलीकडं जमीन अन् धाकटीकडं उभं पीक," रखमाजी म्हणाले. "असली खातेफोड तलाठीबी करत न्हाई. पण पैसे मोजून घेतलेलं, तिचं न्हाई का ते?"

"मामा, पैसे खेळायच्या परवानगीचे. दुसऱ्याचं रान बटईनं कसल्यासारखं. मालक दुकानवालाच."

सासरे उठून गेल्यावर निलमनं हळूच विचारलं, "ताई, तुमी तोडलं?"

"व्हय."

"मला बोलल्या असत्या तर मुख्य खातं तुमचं करून दिलं असतं की."

"मामी तुझं रान म्हणायच्या, तवा तू गप बसायचीस."

निलम पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बसायचे. या घरात भाकर तुमच्या हाताची, देवघर तुमचं. मामींच्या तोंडात उठता-बसता तुमचंच नाव. एक तरी गोष्ट त्या माझी म्हणत व्हत्या."

सत्यशीलाला वाटलं होतं, जळतंय ते आपल्याच खोलीत. शेजारच्या खोलीतही धूर होता, हे तिला आज कळलं. पण कळलं म्हणून तिची आग काही विझली नाही.

"मी माझ्या दुकानातून खेळ विकत घेतला तर ते रान उघडंल," निलम म्हणाली. "पण राहील माझ्याच नावानं. तुमी म्हणाल तर घेते. न्हाईतर राहू द्या बंद."

राहू दे बंद, हे सत्यशीलाच्या ओठावर आलंच होतं. तिचं नाही तर कुणाचंच नको. मग तिला बंद फाटकाआडची चंद्री दिसली. पुढ्यात चारा नाही, आणि कान फाटकाकडं.

"घे," ती म्हणाली. "कालवडीचं नाव तेवढं बदलू नको."

"चंद्री व्हय? काहून?"

"असंच."

आता सकाळी निलमच्या खोलीतून कालवडीचं घुंगरू ऐकू येतं. "ताई, या की, चारा तुमी घाला," अशी हाकही येते. सत्यशीला अजून गेलेली नाही. ती तुळशीपाशी माळ ओढत बसते. घुंगरू वाजलं की मणी बोटातून निसटतो, नाम चुकतं, आणि ती पुन्हा मेरुमण्यापासून सुरू करते.