डांबर संपतं तिथं

गाड्यांबद्दल डॅरल नॉस्केचं मत कुणी विचारत नसे, कारण विचारायची वेळच तो येऊ देत नसे. ऑटोमॅटिक गाडीवाला गाडी चालवत नाही, नुसता बसून जातो, हे तो लग्नात, मयताला, दाताच्या डॉक्टरकडे, कुठंही ऐकवी. गाडीत खाणारा माणूस त्याच्या लेखी घरात घ्यायच्या लायकीचा नव्हता. निलगिरीखाली गाडी लावणाऱ्यांना लायसन्स देतं कोण, असा त्याचा कायमचा सवाल. वरून चीक गळतो, काकाकुवे घाण करतात ते निराळंच. पांढऱ्या गाड्यांना तो फ्रिज म्हणे. त्याची बायको नोलीन पांढरीच गाडी चालवी, तीही ऑटोमॅटिक, आणि सीटवर चिप्सचा चुरा. तरी संसार टिकला, याचं श्रेय नोलीनचं.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे नारिंगी वॅलियंट चार्जर, इथंच ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडमध्ये बनलेली. ती त्यानं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. तिच्या बाबतीतला सगळ्यांत कडक नियम असा, की चांगली गाडी खडीच्या रस्त्यावर न्यायची नाही. खडा उडतो, रंगाचा टवका जातो, मागोमाग गंज येतो. नियमात खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्याच्या बापाचं शेत नेमकं खडीच्या रस्त्यावर होतं.

बाप, म्हणजे क्लेम नॉस्के, उत्तरेला गव्हाच्या पट्ट्यात राहायचा. तिकडं जाणारा रस्ता डॅरलच्या मते राज्यातला सगळ्यांत देखणा. वळणं, चढ, मोकळी पिवळी रानं, आणि पोलीस क्वचितच. शेवटी मात्र डांबर एका जागी एकदम संपायचं. तिथं खांबावर तेलाच्या पिंपाची पत्रपेटी होती आणि तिथून घरापर्यंत नुसती खडी. रविवारी डॅरल पत्रपेटीशी गाडी थांबवायचा. क्लेम आपली धुळकट पिकअप घेऊन तिथं हजर असायचा. सुरुवातीला दोघं पिकअपमधून घरी जायचे. पुढं पुढं, परतायला उशीर होतो म्हणून, पिकअपच्या हौद्यावर तिथंच चहा व्हायला लागला. आई केक पाठवायची, वर साखरेच्या चुऱ्याचा जाड थर असलेला. गाडीत सांडायला नको म्हणून डॅरल तो उभ्या उभ्याच खायचा.

आईचे गुडघे गेले होते, तिला पिकअपमध्ये चढता यायचं नाही. चार्जर तिनं फोटोतच पाहिली. "रस्ता डांबरी झाला की दारात आणून उभी करतो," असं तो दर वेळी सांगून पाठवायचा. रस्ता काही डांबरी झाला नाही. आई गेली तेव्हा डॅरल नोलीनच्या फ्रिजमधून थेट दारापर्यंत गेला.

खरं सांगायचं तर रविवार गाडीचा होता. बाप त्या रस्त्याच्या टोकाला होता, इतकंच. डॅरलला हे कळत नव्हतं असं नाही, पण कळून घेणं सोयीचं नव्हतं. आता क्लेम गावातल्या वृद्धाश्रमात होता, पिकअप विकली गेली होती, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात वर्षांची पार सरमिसळ झाली होती. कधी डॅरलला ओळखायचा, कधी दूधवाला समजायचा. हे सगळं झाल्यावर डॅरलला रविवारी गाडी बाहेर काढावीशी वाटेना.

मग बहिणीचा, जॅनीनचा, फोन आला. शेत विकलं गेलं होतं आणि लवकरच नवे मालक घराचा ताबा घेणार होते.

"बाबा सारखा घरी ने म्हणतोय," ती म्हणाली. "एकदा दाखवून आण. नोलीनची गाडी घे."

"चार्जर आणतो."

"कुठपर्यंत? पत्रपेटीपर्यंत?"

"दारापर्यंत."

"डॅरल, तुला बरं आहे ना रे?"

त्याला बरं नव्हतंच. बापाच्या ओसरीसमोर एकदा तरी ती गाडी उभी राहायला हवी, बापाला ते कळत असेपर्यंत, एवढंच त्याला हवं होतं. झोपेत सुद्धा तेच.

त्यानं क्लेमला वृद्धाश्रमातून घेतलं आणि चार्जरमध्ये बसवलं. म्हाताऱ्यानं खिशातून बिस्किटं काढली आणि तो निवांत खायला लागला. चुरा सीटवर, गिअरच्या खोबणीत, सगळीकडं. डॅरलनं तो झटकला सुद्धा नाही. नोलीननं हे पाहिलं असतं तर तिनं डॉक्टरच बोलावला असता.

"इंजिन झकास आहे हो तुमचं," क्लेम म्हणाला. म्हणजे आज ओळख नव्हती.

पत्रपेटी दिसली तसा म्हातारा एकदम ताठ झाला. "थांबा, थांबा! इथंच उतरतो मी."

"बाबा, घरी जायचंय ना? घर पुढं आहे."

"घरी मागनं जाईन. पोरगा येतोय माझा." गाडी थांबते न थांबते तोच त्यानं दार उघडलं, आणि आपला नेहमीचा कोपरा पकडावा तसा पत्रपेटीला हात टेकून उभा राहिला.

डॅरल उतरून त्याच्याजवळ गेला. "उन्हात कशाला? गाडीत बसून वाट बघू."

"नको हो. तो आला आणि मी दिसलो नाही तर माघारी जातो. मागं एकदा माझं टायर बसलं, यायला उशीर झाला. इथं पोचलो तर नुसत्या चाकांच्या खुणा." क्लेम हसला, पोराचं कौतुक सांगावं तसा. "त्याचंही बरोबर आहे. संध्याकाळी कांगारू आडवे येतात, गाडीला लागलं म्हणजे? तेव्हापासून मी आपला न्याहारी झाली की येऊन थांबतो."

तो रविवार डॅरलला चांगला आठवत होता. म्हातारा विसरला असेल, असं समजून तो तेव्हा चिडून परतला होता. आणि स्वतः तो यायचा ते दुपारच्या जेवणानंतर. कधी वाटेत कुणाशी गाड्यांच्या गप्पा रंगल्या तर आणखी उशिरा.

"बाबा, मीच डॅरल."

क्लेमनं त्याच्याकडं सभ्यपणे पाहिलं. "त्याच्याकडं अशीच गाडी आहे. तुम्हीही खडीवर नका नेऊ हो ही. खराब होते."

मग डॅरल गाडीत बसला, वळला, डांबरावरून वरच्या चढापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. सगळा वेळ त्याला आरशात किंवा समोर म्हातारा दिसत होता, पत्रपेटीशी, कपाळावर हात धरून. एवढ्या लांबून रस्त्याकडं बघणारा बाप त्यानं कधी पाहिलाच नव्हता. पोचायचा तेव्हा तो गाडी कुठं लावायची ते बघत असायचा.

गाडी जवळ आली तसा क्लेम पुढं झाला, चेहरा फुललेला.

"आलास पोरा! फार वेळ थांबावं नाही ना लागलं तुला?"

"नाही बाबा," डॅरल कसाबसा म्हणाला. "चल, बस. घरी जाऊ."

"माझी पिकअप कुठाय?"

"ह्यातनंच जाऊ."

"वेडा आहेस का? खडे उडतील."

"उडू देत रे. बस तू."

म्हातारा बसला, पण अवघडून, पाहुण्याच्या घरी धुळीच्या बुटांनी शिरावं तसा. डांबर संपलं आणि चार्जर पहिल्यांदाच खडीवर उतरली. पहिला खडा खालून खणकन वाजला. डॅरलला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंच त्याला रडू आलं. इतकं सोपं होतं हे. आई ओसरीवर बसलेली असताना सुद्धा इतकंच सोपं होतं.

दुसरा खडा दारावर बसला. क्लेमनं आतून दारावर हात ठेवला, जणू तिथं मार लागला होता.

"थांबव रे पोरा," तो ओशाळून म्हणाला. "माझ्यापायी नको. इथनं जातो की मी चालत."