पेशंट नसलेल्या सतरा फायली

८ डिसेंबर १९९८, मंगळवार. त्या दिवशी मला कळलं की माझ्या बायकोच्या, शैलाच्या गाठीचा रिपोर्ट अकरा आठवड्यांपूर्वीच आला होता.

मी हडपसरला डॉ. रिसबुडांच्या दवाखान्यात काउंटरसमोर उभा होतो. त्याआधी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा काउंटरवरच्या प्रेमलाबाईंनी लोणकरांची फाइल काढून बघितली आणि सांगितलं, "रिपोर्ट नाही आलेला. काही असतं तर डॉक्टरांनी कळवलं असतं." आम्ही तेच धरून बसलो. कळवलं नाही, म्हणजे काही नाही. मग शैलाच्या काखेत दुसरी गाठ हाताला लागली, म्हणून मी स्वतः गेलो.

प्रेमलाबाईंनी पुन्हा लोणकरांची फाइल उघडली. "नाही हो."

तेव्हा मला आठवलं. लॅबचा फॉर्म मी भरला होता. शैला शाळेत शिक्षिका होती. नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे शाळेच्या कागदांवर ती माहेरच्याच नावानं होती, ललिता ज्ञानदेव कुंजीर. शैला हे नाव आमच्याकडे लग्नात ठेवलेलं. तपासणीचं बिल शाळेकडून मंजूर व्हायचं तर नाव जुळायला हवं, म्हणून मी फॉर्मवर ललिता कुंजीर लिहिलं. दवाखान्यात मात्र ती शैला लोणकर होती.

"कुंजीर बघा," मी म्हणालो.

पलीकडच्या कपाटातून एक कोरी फाइल निघाली. आत एकच कागद, लॅबकडून २१ सप्टेंबरला फॅक्सनं आलेला. त्या नावाचा पेशंट सापडेना, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे नवी फाइल उघडली, कागद आत लावला आणि पेशंट येईल तेव्हा देऊ म्हणून ठेवून दिली. फॅक्सची अक्षरं पुसट व्हायला लागली होती. कार्सिनोमा हा शब्द मी तिथं उभ्यानं पहिल्यांदा वाचला.

शैला फेब्रुवारी २००० मध्ये गेली. अकरा आठवडे आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली.

मी टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं केबल जोडायचं काम केलं. खात्यातून लवकर बाहेर पडलो आणि पुण्यात नव्या कंपन्या यायला लागल्या तशी ऑफिसांतली फोनची आणि कॉम्प्युटरची वायरिंगची कामं घ्यायला लागलो. रिसबूड नव्या इमारतीत जाणार आणि सगळा दवाखाना कॉम्प्युटरवर नेणार, असं कानावर आलं तेव्हा मी जाऊन काम मागितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लोणकर, हे काम मी दुसऱ्या कुणाला दिलं तर मला बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आलेलो नाही," मी म्हणालो.

काम मला मिळालं.

तीन मजले, प्रत्येक खोलीत एक फोन आणि एक कॉम्प्युटर. सगळ्या वायरी तळमजल्यावरच्या एका कुलूपबंद खोलीत येणार. लॅबचे रिपोर्ट फॅक्सवर न येता थेट कॉम्प्युटरमध्ये. ज्याला जेवढं बघायचा अधिकार, तेवढंच त्याच्या पासवर्डनं उघडणार. करारात सातवं कलम होतं की वायरिंगच्या आणि प्रोग्रामच्या माणसांनी पेशंटचे कागद वाचायचे नाहीत. त्यावर माझी सही होती.

प्रोग्राम उत्कर्षा नावाच्या मुलीनं केला. अकोल्याची, पंचवीस-सव्वीस वर्षांची, हुशार आणि तोंडाची फटकळ. जुन्या सगळ्या फायली तिच्या माणसांनी तीन महिने बसून कॉम्प्युटरवर चढवल्या. १९ नोव्हेंबर २०००, रविवार, हा जागा बदलायचा दिवस ठरला. सोमवारी सकाळी आठला दवाखाना नव्या इमारतीत सुरू होणार. जुन्या फायलींचे गठ्ठे बांधून तयार होते, संध्याकाळी गोदामात जाणार होते. दवाखान्याची जुनी लाइन दुपारी तीनला नव्या इमारतीवर फिरवायची वेळ मीच एक्स्चेंजकडून मागून घेतली होती.

जुन्या जागेत मी आणि उत्कर्षा दोघंच होतो. डॉक्टर खडकवासल्याला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते.

दोनच्या सुमारास मी तिला विचारलं, "ज्या फायलीत रिपोर्ट आहे, पण पेशंट एकदाही आलेला नाही, अशा किती आहेत?"

"कशाला हवंय काका? सर्व्हर हलवायचाय, मला टाइम नाही."

"दोन मिनिटं लागतील."

"प्रत्येकाला दोनच मिनिटं हवी असतात," ती म्हणाली, पण बसली. टाइप केलं. "सतरा."

सतरा नावं पडद्यावर आली. त्यातलं एक मला माहीत होतं. बाकीच्यांच्या फायली मी गठ्ठे सोडून काढायला लागलो.

"काका, कलम सात."

"माहीत आहे."

"मग?"

मी तिला ८ डिसेंबरचं सांगितलं. चार-पाच वाक्यांत झालं. ती खाली बसली आणि दुसऱ्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागली.

बहुतेक रिपोर्ट साधे होते, साखर, रक्तातलं लोह. तेराव्या फायलीत ९ ऑक्टोबरचा रिपोर्ट होता. आम्रपाली सुखदेव वानखडे, वय ३३. खालच्या ओळीत तोच शब्द होता. मी डॉक्टर नाही, पण तो शब्द मला ओळखता येतो.

फाइलवर ना पत्ता, ना फोन. उत्कर्षानं छोट्या ऑपरेशनांची वही काढली. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला की नाव त्यात लिहितात. ५ ऑक्टोबरला एक आम्रपाली होती, आम्रपाली राकेश इंगळे. इंगळ्यांची फाइल निघाली. वय तेच. आत प्रेमलाबाईंच्या अक्षरात दोनदा लिहिलेलं, ‘फोन आला. रिपोर्ट नाही म्हणून सांगितले.’

पत्ता फक्त ‘माळवाडी’. फोन नंबरापुढे पी.पी., म्हणजे शेजारच्या घरचा फोन. नंबर जुना, सहा आकडी.

"हा लागणारच नाही," उत्कर्षा म्हणाली.

"लागेल." कुठल्या नंबरांपुढे कुठला आकडा लागला, हे मला पाठ होतं. ते बदलायच्या कामावर मीच होतो.

काउंटरवरचे फोन सकाळीच काढले होते. भिंतीवरच्या डब्यात लाइन तेवढी जिवंत होती. मी लाइनमनचा चिमट्यांचा फोन त्या लाइनला लावला. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"हॅलो, आम्रपाली इंगळे तुमच्या शेजारी राहतात का?"

"ऱ्हात व्हती. चालली आज," एक म्हातारी बाई म्हणाली. "फ्रीजचं इचारताय व्हय? फ्रीज गेला इकून."

"फ्रीज नको. चालली कुठं?"

"गावाला, वाशीमला. त्याची कंपनी बंद पडली न्हवं. सामान कालच गेलं. चारला गाडीतळावरनं बस हाय त्यांची."

"मी दवाखान्यातून बोलतोय. त्यांना जरा बोलवता?"

"का? काय झालंय तिला?"

"निरोप आहे."

"मला सांगा, मी सांगती."

"त्यांनाच सांगायचा आहे."

"मी काय परकी हाय? तिच्या दोन्ही बाळंतपणाला ही इंदुबाईच व्हती."

तो एक शब्द सांगितला असता तर ती धावत गेली असती. पण तिथं पोचेपर्यंत चार घरांना सांगून झालं असतं आणि आम्रपालीला तो दारातल्या गर्दीत कळला असता. नव्या इमारतीतल्या त्या कुलूपबंद खोलीत मी तीन महिने जे करत होतो, ते इथं एका वाक्यात मोडलं असतं.

"मावशी, राग धरा, पण बोलवा," मी म्हणालो.

"लई शाना हायेस," ती म्हणाली आणि रिसीव्हर आपटून ठेवला. लाइन चालू होती. पलीकडे टीव्हीवर क्रिकेट लागलेलं ऐकू येत होतं. उत्कर्षानं घड्याळ माझ्यासमोर धरलं. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. लाइन तुटली तर रस्त्यापलीकडच्या बूथवरून पुन्हा लावता आली असती. पण ही बाई दुसऱ्यांदा बोलवायला गेली असती, असं मला वाटत नव्हतं.

"हां, बोला."

"आम्रपालीताई, तुम्ही गाठ तपासायला दिली होती."

"हो. दोनदा फोन केला ना मी. नाही आला म्हणाल्या बाई. काही असतं तर कळवलं असतं, असंही म्हणाल्या."

"रिपोर्ट आलाय. वानखडे नावाच्या फायलीत होता."

"ते माहेरचं. माझ्या कंपनीच्या कार्डावर तेच आहे, लॅबला तेच दाखवलं." ती थांबली. "चांगला आहे ना?"

"ते डॉक्टर सांगतील. आज गावाला जाऊ नका. इथं या."

"मग डॉक्टरांना द्या ना फोन."

"डॉक्टर आत्ता नाहीत."

फोनची ओढाओढ झाली. पुरुषाचा आवाज आला. "कोन बोलून राह्यलं जी? डॉक्टर हा काय?"

"नाही. मी महिपती लोणकर. दवाखान्यात वायरिंग करतो."

"वायरिंग?"

"हो."

"वायरिंगवाल्याच्या सांगन्यावरून मी गाडी सोडू काय? घर खाली केलं आमी. पोरं तयार होऊन बसले. डॉक्टरले म्हना, कागद वाशीमले पाठवा."

दोन चोपन्न.

"राकेशराव, माझ्या बायकोलाही अशीच दोन नावं होती. मलाही काउंटरवरून नाही म्हणाले आणि मी घरी बसलो. अकरा आठवडे. ती फेब्रुवारीत गेली. तुमचे सहा झालेत. कागदात काय आहे ते मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण गाडी सोडा."

उत्तर आलं नाही. मी पुन्हा "हॅलो" म्हणालो तेव्हा लाइन मेली होती. तीनला चार मिनिटं होती. एक्स्चेंजचं घड्याळ पुढे असतं, हे मलाच माहीत असायला हवं होतं.

त्यानं कितपत ऐकलं, ते कळायला मार्ग नव्हता. उत्कर्षा नाणी घेऊन बूथकडे पळाली, खडकवासल्याला डॉक्टरांना गाठायला आणि जमलं तर माळवाडीला पुन्हा लावायला. मी स्कूटर काढून गाडीतळावर गेलो. त्या दोघांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. वाशीमची बस उभी होती. मी आत चढून ओरडलो, "इंगळे! राकेश इंगळे!" तीस-चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं, कुणी हात वर केला नाही.

"इंगळ्यांच्या चार सीट आहेत," क्लीनर म्हणाला. "आले नाहीत अजून. तुम्ही येताय का त्यांच्या जागी?"

मी बसच्या दाराशी उभा राहिलो. चार वाजले. सव्वाचारला बस सुटली. चार सीट रिकाम्या होत्या. ते आले नाहीत एवढंच मला कळत होतं. वाटेत दुसऱ्या थांब्यावर चढणार असतील, असंही होऊ शकत होतं.

परत आलो तर जुन्या दवाखान्याच्या पायरीवर चौघं बसलेले. दोन मुलं, तीन पिशव्या, एक दोरीनं बांधलेला स्टोव्ह. उत्कर्षा मुलांना बिस्किटं देत होती.

राकेशनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वायरिंगवाले तुमीच काय?"

"मीच."

"हं," तो म्हणाला.

डॉक्टर पावणेसहाला आले, साखरपुड्याच्या कपड्यांतच. दोन्ही फायली घेऊन त्या दोघांना आत बोलावलं, दार लावलं. पंचवीस मिनिटं. मी बाहेर बसून राहिलो. मुलगी मला फरशीवरच्या वायरींचे रंग विचारत होती. मी सांगत होतो.

दार उघडलं तेव्हा आम्रपाली सरळ मुलांकडे गेली आणि धाकट्याच्या शर्टाची बटणं लावायला लागली, लावलेलीच होती ती. राकेश माझ्यासमोर थांबला.

"नाव काय होतं तुमच्या बायकोचं?"

"शैला," मी म्हणालो. मग म्हणालो, "आणि ललिता."

तो मान हलवून गेला. त्या रात्री ते इंदुबाईंकडेच राहिले.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "सातवं कलम वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"मग?"

"मोडलं."

ते टेबलावरच्या दोन फायलींकडे बघत राहिले. "मला त्या वेळी सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "अठ्ठ्याण्णवमध्येच. बाकीच्या फायली तेव्हाच उघडायला हव्या होत्या. मी उघडल्या नाहीत. नसतं काही सापडेल म्हणून उघडल्या नाहीत." त्यांना बरं वाटावं असं माझ्याकडे काही नव्हतं.

दवाखाना सोमवारऐवजी गुरुवारी सुरू झाला. त्या तीन दिवसांत उत्कर्षानं प्रोग्राम बदलला. आता पेशंट न सापडलेला रिपोर्ट कुठल्याच फायलीत जात नाही. तो डॉक्टरांच्या पडद्यावर लाल राहतो आणि माणूस सापडेपर्यंत हलत नाही. नोंदीत माहेरचं नाव विचारतात. आणि दोन फायली जोडायच्या असतील तर आधी एक कागद भरावा लागतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं त्या व्यक्तीनं किंवा तिला ओळखणाऱ्यानं लिहून सही द्यायची. हा नियम मी सुचवला. नाहीतर उद्या कुणीही कुणाचीही फाइल कुणालाही जोडेल.

आम्रपालीचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. पुढचं मला माहीत नाही. माझ्या पासवर्डनं ते उघडत नाही, आणि ते तसंच असायला हवं.

सतरापैकी सोळा फायली त्यांच्या त्यांच्या माणसांना जोडून झाल्या. सतरावी कुंजीर ललिता ज्ञानदेव. तिचा कागद प्रेमलाबाईंनी भरून ठेवला आहे. वर दोन्ही नावं आहेत, खाली ओळखणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. मी दर महिन्याला कॉम्प्युटरच्या खोलीतल्या बॅटऱ्या तपासायला जातो, तेव्हा त्या तो कागद काउंटरवर काढून ठेवतात आणि मी निघताना परत आत ठेवतात.

सही करायची राहिली आहे.