कोपऱ्यातली खिडकी

गोदावरीबाई चहाचा कप घेऊन खोलीत शिरल्या, तसा सर्वेशने लॅपटॉप भिंतीकडे वळवला. अगदी किंचित, पण परीक्षेत कॉप्या पकडण्यात जन्म गेलेल्या मास्तरीणबाईंना तेवढं पुरे होतं.

"ते कोपऱ्यात काय हाय?"

"कुठं?"

"ते चौकोनी. बाकीचं सगळं उघडतं, मिटतं. ते तेवढं हलत न्हाई."

"कामाचं हाय, आई. प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली की ती खिडकी कायम सगळ्यांच्या वर ऱ्हाते. दुसरं काहीही उघडा, तिच्या खालीच जातं."

"अन् ती वर कशाला पाहिजे?"

"नजरेसमोर ऱ्हावी म्हणून," तो म्हणाला आणि चहाकडे वळला.

पुण्याची नोकरी आता घरूनच करणार म्हणून पोरगा नांदेडला परतला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. कारण विचारलं तर म्हणे, तिकडचं पाणी सोसत नव्हतं. आल्या आल्या त्याने स्वयंपाकघरात फ्रिजवर एक पांढरी डबी बसवली. वायफायची, म्हणाला. शिवाय घडीघडी पाणी प्यायला आत यायचा. टेबलावर बाटली भरलेली असायची, तरी यायचा. आपण फोनवर काय बोलतो ते ऐकायलाच येतो, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"कुणीतरी बाई हाय," त्यांनी मुरूडच्या बहिणीला सांगूनही टाकलं होतं. "पोरगं लपवून राहिलंय माझ्यापासून." हे सांगताना त्यांना रडू आलं होतं.

दुपारी कुरियरवाल्याचा फोन आला. सर्वेश मोबाइल घेऊन घाईने जिना उतरला. लॅपटॉप उघडाच राहिला.

गोदावरीबाईंनी चष्मा लावला आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी एक पान उघडलं, मग दुसरं. दोन्ही त्या चौकोनाच्या खाली गेली. चौकोन जागचा हलला नाही. शेवटी त्या पडद्याला नाक लावून पाहू लागल्या.

कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. ओटा, पेटलेला गॅस, गॅसवर दुधाचं पातेलं. म्हणजे यानं घरसुद्धा थाटलं.

दूध वर येत होतं आणि ओट्यापाशी कुणीच नव्हतं.

"काय बाई तरी," त्या पुटपुटल्या. "दूध ठेवून गेली कुठं ही?"

साय फुगून काठाशी आली. पातेल्याशेजारी चहाची गाळणी पालथी पडली होती. तिच्या दांडीला लाल दोरा गुंडाळलेला होता. दांडी सैल झाली म्हणून तो दोरा त्यांनीच गुंडाळला होता.

तेवढ्यात करपल्याचा वास खोलीत आला.

स्वयंपाकघरात धावत जाऊन गॅस बंद करून त्या वळल्या, तर सर्वेश दारात उभा. धापा टाकत होता. हातात फक्त मोबाइल होता, पार्सल खालीच राहिलं होतं.

"काय रे?"

"काही न्हाई," तो म्हणाला. "पाणी प्यायला आलो."

त्यांनी फ्रिजवरच्या डबीकडे पाहिलं. मग ओट्यावरून खाली ओघळणाऱ्या दुधाकडे. याआधी असं किती वेळा झालं, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

त्यांनी माठातलं पाणी पेल्यात भरलं, त्याच्या हातात दिलं, आणि तो पेला रिकामा होईपर्यंत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.